मोटरसायकलचे ऑइल किलोमीटर भरण्याआधीच कसे संपते

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ११० सीसीची, कार्बोरेटरची मोटरसायकल आहे. लक्ष्मीपुरीतले दुकान घरापासून ३ किलोमीटरांवर असून दुपारच्या जेवणासह दिवसातून चार फेऱ्या होतात, म्हणजे वर्षाकाठी साधारण ३,५०० किलोमीटर भरतात. पुस्तिकेत दर ६,००० किलोमीटरला ऑइल बदलावे असे लिहिले आहे, म्हणून गेले दीड वर्ष त्यांनी ऑइलला हात लावलेला नाही. गॅरेजवाला २,००० ला बदला म्हणतो. रोज मोटरसायकलने इचलकरंजीला जाणारे त्यांचे मेव्हणे म्हणतात की फुल सिंथेटिक घाला आणि १०,००० पर्यंत बघूच नका. मागच्या वेळी घातलेले नवे ऑइल ५०० किलोमीटरांतच काळे झाले होते, आणि हल्ली गाडी तापली की गिअर अडकतात. यात कोणाचे ऐकावे, आणि काढलेले जळके ऑइल चेनला लावले तर चालते का, असे त्यांनी विचारले आहे.

तिघांपैकी कोणीही चुकीचे सांगत नाही. पुस्तिका सर्वसाधारण वापर गृहीत धरते, गॅरेजवाला आपल्याकडे येणारी वाईटात वाईट इंजिने डोळ्यांसमोर ठेवून बोलतो आणि मेव्हणे स्वतःच्या गाडीपुरते बरेचसे बरोबर आहेत. घोळ होतो तो एकाचा आकडा दुसऱ्याच्या गाडीला लावल्यामुळे. ओडोमीटर चाक किती फिरले एवढेच मोजतो. इंजिन दिवसातून किती वेळा थंड असताना चालू झाले, तापल्यावर किती मिनिटे चालले, पाठीमागे ओझे किती होते, रस्त्यावर धूळ किती होती, यांपैकी कशाचीही नोंद त्यात होत नाही आणि ऑइलचे आयुष्य नेमके याच गोष्टींवर ठरते. म्हणून निर्णय आधी सांगतो: तुमच्या गाडीचे ऑइल ६,००० ची वाट न पाहता याच आठवड्यात बदला आणि यापुढे किलोमीटर कितीही कमी भरले तरी वर्षातून दोनदा बदलत जा. पुस्तिका पुन्हा उघडून पाहिलीत तर किलोमीटरच्या आकड्याशेजारी बहुधा महिन्यांचाही आकडा दिसेल आणि ‘जे आधी येईल ते’ असा शेरा असेल. कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक हा शेरा वाचत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता कारणांकडे येतो. बाटलीतल्या ऑइलमध्ये मोठा भाग मूळ तेलाचा असतो आणि उरलेला ॲडिटिव्हचा. पिस्टनच्या रिंगांजवळ साचणारा चिकटा धुणारी डिटर्जंट, धुतलेला मळ गुठळी न होऊ देता तरंगत ठेवणारी डिस्पर्संट, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरसारख्या जास्त दाबाच्या जागी धातूवर पातळ संरक्षक थर बसवणारे जस्त आणि फॉस्फरसचे संयुग, तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून मिसळलेले पॉलिमर, आम्ल मारणारी आणि फेस न होऊ देणारी रसायने, असा हा सगळा संच असतो. मूळ तेल सहजासहजी संपत नाही. ॲडिटिव्ह मात्र काम करता करता खर्च होतात, आणि त्याच वेळी ऑइलमध्ये बाहेरचा मळ वाढत जातो. ऑइल संपले म्हणजे या दोन्ही गोष्टी एका मर्यादेपलीकडे गेल्या, एवढेच.

मोटरसायकलमध्ये ही मर्यादा कारपेक्षा लवकर येते. लहान कारच्या इंजिनात ३ ते ४ लिटर ऑइल असते, तर १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक मोटरसायकलींत ऑइल बदलताना ७०० मिलीलिटर ते १ लिटर एवढेच बसते. तेवढ्याच ऑइलवर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स असे तिन्ही चालतात. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला इंजिनाचे, गिअरबॉक्सचे आणि प्रायमरी चेनचे ऑइल वेगवेगळे असे. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि गिअरबॉक्सच्या ऑइलला ज्वलनाचा मळ लागत नसे, त्यामुळे ते कित्येक महिने स्वच्छ राही. आपल्या गावात या गाड्यांवर जीव टाकणारी माणसे अजून पुष्कळ आहेत, आणि ऑइलविषयीच्या त्यांच्या सवयी त्या काळातल्या आहेत. त्या सवयी आजच्या फोर-स्ट्रोक गाडीला लागू पडत नाहीत.

तुमच्या अडकणाऱ्या गिअरचे बहुधा कारण इथेच आहे. ऑइलमधल्या पॉलिमरचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. गिअरचे दात एकमेकांत घुसताना त्यांच्या फटीत सापडून या साखळ्या तुटतात, आणि एकदा तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. परिणामी ऑइल थंड असताना ठीक वाटले तरी तापल्यावर हवे तेवढे दाट राहत नाही. आकड्यांत सांगायचे तर १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या ऑइलची दाटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक आणि ३० ग्रेडची ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या दरम्यान असावी लागते. बाटलीवर ४० लिहिलेले ऑइल गिअरबॉक्समध्ये कुटले जाऊन ३० च्या हद्दीत उतरले, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. ते चालवणाऱ्याच्या पायाला आणि कानाला कळते: सकाळी गिअर व्यवस्थित पडतात, अर्ध्या तासाने न्यूट्रल सापडत नाही, दुसरा गिअर टाकताना खट् असा आवाज येतो आणि टॅपेटचा आवाज वाढल्यासारखा वाटतो. अर्थात गिअर अडकण्याला क्लच केबलचा ताण चुकलेला असणे किंवा क्लच प्लेटा झिजलेल्या असणे हीही कारणे असू शकतात. म्हणून आधी ऑइल बदलून पाहा. चार-आठ दिवसांत गिअर सुधारले तर दोष ऑइलचा होता. फरक पडला नाही तर केबल आणि क्लच बघायला लागेल.

तुमच्या वापरात मात्र पॉलिमर तुटण्यापेक्षा मोठा त्रास पाणी आणि पेट्रोल यांचा आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. १ लिटर पेट्रोल जळले की जवळपास १ लिटर पाणी तयार होते. ते बहुतेक सगळे वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जाते, परंतु प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा वायू पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असते त्या इंजिनाच्या खालच्या भागात, उतरतोच. त्या वायूत वाफ असते, न जळलेले पेट्रोल असते, काजळी असते आणि आम्ल तयार करणारे नायट्रोजनचे ऑक्साइडही असतात. इंजिन पुरते तापलेले असेल तर पाणी आणि पेट्रोल ऑइलमधून पुन्हा उडून ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडतात. इंजिन थंड असेल तर मात्र ते तिथेच ऑइलमध्ये जिरतात. ३ किलोमीटरांच्या फेरीत इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, हात लावला तर चटका बसेल, पण खालचे ऑइल तोपर्यंत जेमतेम कोमट झालेले असते. ते नीट तापायला साधारण १५ ते २० मिनिटांचे सलग चालवणे लागते. तुमची फेरी त्याच्या आतच संपते, गाडी दुकानासमोर थंड होते, आणि हाच प्रकार दिवसातून चार वेळा होतो. कार्बोरेटरच्या गाडीला सकाळी चोक ओढला की हवेच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण आणखी वाढते, त्यामुळे बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीवरून खाली उतरणारे पेट्रोलही वाढते. फ्युएल इंजेक्शनच्या बीएस-६ गाड्यांत हे प्रमाण कमी असते, पण शून्य नसते.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविषयीही बरेच जण विचारतात. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात इथेनॉलला नावे ठेवणे अवघडच, पण ठेवायचे तेवढे कारणही नाही. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये मिसळणारा ओलावा वाढायला त्याचा हातभार लागू शकतो. उलट इंजिन रोज चांगले तापत असेल तर ते ऑइलमधून उडून जाते, कारण इथेनॉल ७८ अंशांनाच उकळते. त्यामुळे केवळ पेट्रोल बदलले म्हणून सगळ्यांनी ऑइलची मुदत अर्धी करावी असे मी सांगत नाही. फक्त तुमच्यासारख्या वापरात महिन्यांची मर्यादा अधिक कसोशीने पाळावी.

याचा पुरावा तुम्हाला घरीच पाहता येईल. ऑगस्टमध्ये एखाद्या सकाळी, गाडी चालू करण्याआधी ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहा. कमी अंतर चालणाऱ्या गाडीत तिथे पिवळसर पांढरा, सायीसारखा चिकट थर साचलेला आढळतो. पाणी आणि ऑइल एकत्र घुसळल्याने तो तयार होतो. फक्त झाकणाला थोडासा थर असेल आणि ऑइलच्या काडीवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. आठवड्यातून एकदा गाडी लांब चालवली की तो जातो. रविवारी जोतिबाला जाऊन आलात तरी ऑइलमधला बराचसा ओलावा निघून जाईल. घरासमोर गाडी दहा मिनिटे नुसती चालू ठेवणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. आयडलिंगला ऑइल हवे तेवढे तापत नाही आणि पेट्रोल खाली उतरत राहते.

उष्णतेने होणारा बिघाड याच्या उलट टोकाला आहे आणि तो तुमच्यापेक्षा घाटात फिरणाऱ्यांना जास्त लागू पडतो. वैभववाडीहून दोघे बसून करूळ घाट चढून गगनबावड्याला येणारी गाडी, किंवा एप्रिलच्या दुपारी दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत रांगणारी गाडी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे ऑइल चांगलेच तापवते. ऑइलचे तापमान १० अंशांनी वाढले की त्याच्या ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असे या धंद्यात धरतात. अशा ऑइलचा वास कडवट जळका येतो, ते दाट होत जाते आणि आतल्या भागांवर तपकिरी वार्निश बसवते. हा थर पिस्टनच्या खाचांत बसून रिंगा जखडल्या की गाडी ऑइल खायला लागते आणि मग धूर मारते.

तिसरा शत्रू म्हणजे धूळ, आणि आपल्या भागात तिचे दोन खास प्रकार आहेत. ऊस तोडीच्या हंगामात कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेली माती हा एक. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींच्या परिसरातली बारीक वाळू हा दुसरा. त्या वाळूतला सिलिका इंजिनातल्या लोखंडापेक्षा कठीण असतो. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल तर ती धूळ बोअरमधून थेट ऑइलमध्ये येते, आणि मग ऑइल वंगण राहत नाही, पॉलिश पेपरचे काम करू लागते. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर नसतोच, फक्त जाळी आणि केंद्रोत्सारी (गरगर फिरून मळ कडेला फेकणारा) फिल्टर असतो, त्यामुळे अगदी बारीक कण ऑइलमध्येच फिरत राहतात. फाउंड्रीत कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा मी ऑइलच्या आधी एअर फिल्टर बघतो. तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर असेल तर तो हवेने झटकून पुन्हा बसवू नये. तो बदलायचाच असतो.

आता काळ्या रंगाविषयी. ५०० किलोमीटरांत ऑइल काळे झाले म्हणून ते भेसळीचे होते किंवा संपले, असा निष्कर्ष काढता येत नाही. डिटर्जंट आपले काम करत असेल तर आतला जुना मळ सुटून ऑइलमध्ये येणार आणि ऑइल काळे होणारच. शिवाय मोटरसायकलच्या ऑइलमध्ये क्लच प्लेटांची भुकटीही मिसळते. बदलताना इंजिनात उरलेले थोडे जुने ऑइलही नव्याला रंग देते. काळे पण अजून कामाचे असलेले ऑइल मी रोज पाहतो. याच्या उलट, रंगाने बरे दिसणाऱ्या पण पेट्रोलचा वास मारणाऱ्या आणि बोटांत पाण्यासारख्या पातळ लागणाऱ्या ऑइलची मला जास्त धास्ती वाटते.

रंगापेक्षा चांगली, फुकटात होणारी चाचणी थेंबाची आहे. प्रयोगशाळेत वापरतात तो पांढरा गाळण कागद आणा. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आल्यावर ऑइलच्या काडीचे टोक कागदाच्या मध्यभागी टेकवून एकच थेंब पडू द्या. कागद वाटीच्या काठावर आडवा ठेवा, म्हणजे खालून कशाला चिकटणार नाही, आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी मधला गडद डाग बाहेरच्या दिशेने हळूहळू फिकट होत दूरवर पसरलेला दिसला तर डिस्पर्संट जिवंत आहे. मळ कितीही असला तरी तो तरंगत आहे. मध्ये काळाकुट्ट ठिपका, त्याला ठळक कड आणि बाहेर नुसते तेल, असे दिसले तर मळ गोळा होऊ लागला आहे आणि ते ऑइल ताबडतोब काढावे. मधल्या डागाची कड करवतीसारखी दातेरी असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. बाहेर फिकट, रुंद, जवळपास रंगहीन कडे असेल तर पेट्रोल मिसळले आहे असे समजावे. या चाचणीतून दाटी किंवा धातूची झीज कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत ऑइल तपासता येते, परंतु लहान मोटरसायकलच्या बाबतीत तो खर्च नव्या ऑइलच्या किमतीपेक्षा जास्त होतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

ऑइल कधी बदलावे याची चर्चा तावातावाने करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ऑइलची पातळी कधीच पाहत नाहीत, आणि माझ्या मते इंजिने मुदत उलटल्यामुळे जेवढी बसतात त्यापेक्षा ऑइल कमी झाल्यामुळे जास्त बसतात. ८०० मिलीलिटरपैकी २०० मिलीलिटर जळून गेले तर उरलेल्या ६०० वर सगळा ताप, सगळा मळ आणि सगळे गिअर पडतात. दर पंधरा दिवसांनी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, काडी पुसून पुन्हा घाला आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ आहे का ते पाहा. काडीचे आटे फिरवायचे की ती नुसती टेकवायची, हे पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच गाड्यांत ती नुसती टेकवायची असते, आणि तिथे आटे फिरवून पाहिले तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पातळी कमी असेल तर त्याच ग्रेडचे ऑइल भरावे. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ती आनंदाची गोष्ट नाही: कार्बोरेटरची फ्लोट सुई (टाकीतून येणारे पेट्रोल थांबवणारी) गळत असेल तर रात्रभर पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. काडीला पेट्रोलचा वास आला तर आधी कार्बोरेटर दुरुस्त करा आणि मग ऑइल बदला. पेट्रोलचा कॉक असलेल्या गाडीचा कॉक रात्री बंद करण्याची सवय याचसाठी चांगली.

मेव्हण्यांचा सल्ला तुमच्या गाडीला का चालत नाही, हे आता लक्षात येईल. इचलकरंजीला रोज जाणारी गाडी एका फेरीत सलग ३० किलोमीटरांच्या आसपास धावते, ऑइल पूर्ण तापते, पाणी आणि पेट्रोल उडून जाते. अशा गाडीत फुल सिंथेटिकचा खरा उपयोग होतो, कारण त्याचे मूळ तेल उष्णतेला जास्त काळ तोंड देते आणि दाटी टिकवण्यासाठी त्याला पॉलिमरही कमी लागतात. तुमच्या ऑइलला उष्णतेचा त्रासच नाही. पाणी, पेट्रोल आणि काजळी साध्या ऑइलमध्ये मिसळतात तशीच महागड्या सिंथेटिकमध्येही मिसळतात. तेव्हा तिप्पट पैसे देऊन वर्षभर तेच ठेवण्यापेक्षा पुस्तिकेतल्या ग्रेडचे साधे ऑइल वर्षातून दोनदा बदलणे तुमच्यासाठी स्वस्त आणि इंजिनासाठी जास्त चांगले. मेव्हण्यांनाही १०,००० चा आकडा मी आंधळेपणाने देणार नाही. त्यांच्या गाडीच्या पुस्तिकेत ५,००० किंवा ६,००० असेल तर सिंथेटिक घालूनही तेवढ्यावरच बदलावे, कारण गिअरबॉक्स पॉलिमर तोडायचा थांबत नाही. नव्या, मोठ्या काही गाड्यांना कंपनीच १०,००० देते. तिथे ऑइलही जास्त असते आणि चांगला फिल्टरही असतो.

ग्रेडच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. गाडी जुनी झाली की दाट ऑइल घालायचे, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ग्रेडमधला पहिला आकडा थंड असतानाच्या दाटीचा आणि दुसरा तापल्यावरच्या दाटीचा. १०डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातले तर आवाज थोडा दबतो, पण थंड इंजिनात ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला उशीर होतो आणि तुमच्यासारख्या चार थंड सुरुवातींच्या वापरात तेच महाग पडते. पुस्तिकेत पर्यायी ग्रेड दिली असेल तर जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनाला ती जरूर वापरावी. मोटरसायकलसाठी बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकाची खूण) लिहिलेले पाहावे. जासो एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो. कारचे इंधन वाचवणारे ऑइल मोटरसायकलमध्ये घातले तर क्लच घसरू शकतो.

मुदतीचा माझा अंदाज वापरानुसार असा आहे, आणि तो पुस्तिकेच्या आकड्याहून जास्त कधीच नसतो. हायवेवर रोज लांब जाणाऱ्यांनी पुस्तिकेतला आकडा पाळावा. दुधाचे कॅन, गॅस सिलिंडर किंवा मालाची पोती वाहणाऱ्या, सतत घाट चढणाऱ्या किंवा उसाच्या आणि फाउंड्रीच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचे ऑइल ३,००० च्या आसपास बदलावे. गॅरेजवाल्याचा २,००० चा आकडा खरोखर लागतो तो रिंगा झिजलेल्या, धूर मारणाऱ्या इंजिनाला, आणि तिथेही आधी इंजिनाचे काम करणे शहाणपणाचे. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग मात्र कोणी चुकवू नये, कारण सुरुवातीच्या ५०० ते १,००० किलोमीटरांत सुटे भाग एकमेकांत बसताना धातूची बारीक भुकटी निघते. तुमच्यासारख्या गावातल्या छोट्या फेऱ्यांसाठी २,५०० किलोमीटर किंवा ६ महिने, यांपैकी आधी येईल ते. तारीख लक्षात ठेवायला सोपे जावे म्हणून मी गिऱ्हाइकांना दसरा आणि गुढीपाडवा सांगतो. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेला लावायचीच असते. त्याच्या आदल्या दिवशी ऑइल बदलले की पावसाळ्याचा सगळा ओलावा निघून जातो, आणि पाडव्याला बदलले की उन्हाळा नव्या ऑइलवर जातो.

पुराचा विषय यापासून वेगळा आहे, तरी सांगायला हवा, कारण २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानंतर कित्येक इंजिने पाण्याने कमी आणि घाईने किक मारल्याने जास्त बिघडली. गाडीचे इंजिन पाण्यात बुडाले असेल तर ती चालू करून बघू नका. ड्रेन बोल्ट सैल केला की आधी पाणीच बाहेर येते, कारण ते ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसलेले असते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी नाही याची खात्री करावी, एअर फिल्टर बदलावा, साधे ऑइल भरून गाडी थोडा वेळ चालवावी आणि ते दुधाळ झालेले ऑइल काढून पुन्हा नवे भरावे. कधी कधी तिसऱ्यांदाही बदलावे लागते.

ऑइल बदलताना काही गोष्टी समोर उभे राहून पाहाव्यात. गाडी चार-पाच मिनिटे चालवून इंजिन कोमट-गरम असताना ऑइल काढावे, म्हणजे मळही बरोबर येतो, आणि गाडी सरळ उभी ठेवून थेंब थांबेपर्यंत निथळू द्यावे. घाईच्या गॅरेजमध्ये हीच दहा मिनिटे वाचवली जातात. आत रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन धुण्याची पद्धत मी वापरत नाही, कारण त्यातले थोडे आत राहते आणि नवे ऑइल पहिल्याच दिवशी पातळ करते. ड्रेन बोल्टचा वॉशर बदलावा आणि बोल्ट बेताने आवळावा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले तर शंभर रुपयांच्या कामाचे हजारांत होते. जाळी काढून धुवावी आणि तिच्यात काय अडकले आहे ते पाहावे: काळा गाळ चालतो, चमकणारे कण किंवा गॅस्केटचे तुकडे चालत नाहीत. बाटली १ लिटरची आहे म्हणून सगळी ओतू देऊ नका. जास्त ऑइल क्रँकने घुसळून फेसाळते, ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जाते आणि सील गळायला लावते. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडली जावी आणि रिकामी बाटली भोक पाडून टाकावी, म्हणजे तिच्यात कोणी दुसरे काही भरून विकणार नाही.

शेवटी जळक्या ऑइलविषयी. चेनला ते लावू नये. त्यातली काजळी आणि धातूचे कण चेनच्या पिनांत शिरून त्या घासतात, शिवाय ते पातळ असल्यामुळे सगळे चाकावर उडते. चेनला ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे वापरावा. दारे-खिडक्यांना आणि लाकडाला वाळवीसाठी जळके ऑइल लावण्याची पद्धत आहे, तीही मी टाळायला सांगतो, कारण त्यात कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. हाताला लागले तर साबणाने लगेच धुवावे. गटारात किंवा ओढ्यात ओतलेले ऑइल शेवटी पंचगंगेत जाते. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणारे ते विकत घेतात. मोठी गॅरेज आणि सर्व्हिस सेंटर पिंपात साठवून ते त्यांना देतात, तेव्हा घरी ऑइल बदललेत तर जुने त्याच बाटलीत भरून अशा गॅरेजमध्ये नेऊन द्या. पिंप भरले की ते विकलेच जाणार असते, त्यामुळे तुमचे पाऊण लिटर घ्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.